क्रमांक २१४ आणि क्रमांक ३८७ ही एकच बाई असल्याबाबत

प्रति,
मा. डॉ. श्रीराम टोणपे,
संचालक, अवरक्त रक्तपरीक्षण प्रकल्प,
स्तन-कर्करोग पूर्वतपासणी केंद्र,
वाराणसी.

दिनांक : २३ नोव्हेंबर १९९८

विषय : मी मेलेली नसल्याबाबत, तसेच मी दोन नसून एक असल्याबाबत, आणि माझ्या छातीची तपासणी आजच्या आज करून मिळण्याबाबत.

संदर्भ : (१) माझे हिंदीतील तीन अर्ज, ज्यांना लेखी उत्तर नाही. (२) मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाच्या कार्यक्रमातील आपले भाषण.

महोदय,

१. हा अर्ज मी मराठीत लिहीत आहे, याचे कारण आधी सांगते. हिंदीतले तीन अर्ज आपल्या कचेरीत दिले. ते खिडकीवरच्या बाबूजींनी वाचले, त्यांनाच समजले आणि त्यांनीच दाबून ठेवले. हा अर्ज त्यांना समजू नये अशीच माझी इच्छा आहे. अक्षरे ओळखीची वाटतील पण अर्थ लागणार नाही, आणि मग झक मारत तो आपल्या टेबलावर पाठवावा लागेल. शिवाय आपण फराळाच्या दिवशी सर्वांसमोर म्हणालात की, मराठी माणसांनी मला मराठीत लिहावे, मी स्वतः वाचीन. तेव्हा आता वाचा. आमची मराठी चार पिढ्या काशीत राहिलेली आहे, पुण्याची नाही. खटकली तर खटकू द्या.

२. मी, सौ. अन्नपूर्णा बिंदुमाधव लेले, राहणार रामनगर. पती तेथील शाळेत संस्कृत शिकवतात. माझे माहेर दुर्गाघाटावर, वेदमूर्ती ढुंढिराज मोघे यांच्याकडे. माहेरचे नाव बकुळ. आपण पुण्याचे, आपल्याला हे सांगायची गरज नाही, तरी कचेरीसाठी लिहून ठेवते : आमच्यात लग्नाच्या दिवशी मुलीचे नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहितो, पेढे वाटले जातात, आणि त्या घटकेपासून सासरी ती त्या नावाची होते. माहेरी मात्र तिला कोणी नव्या नावाने हाक मारत नाही. दुर्गाघाटाच्या गल्लीत मला कोणी अन्नपूर्णा म्हणून हाक मारली, तर मी वळूनसुद्धा बघणार नाही.

३. गेल्या फेब्रुवारीत आपल्या केंद्राचे शिबिर आमच्या माहेरच्या गल्लीत भरले. आपल्या माणसांनी घरोघर जाऊन सांगितले की, बोटाएवढ्या नळीत रक्त द्यायचे, बस. त्या रक्तातला पातळ भाग पट्टीवर वाळवतात, त्यातून डोळ्याला न दिसणारे अवरक्त किरण सोडतात. रक्तातला प्रत्येक पदार्थ आपापल्या वाट्याचे किरण शोषून घेतो, त्याची रेघ कागदावर उमटते, आणि आजारी रक्ताची रेघ निरोगी रक्ताच्या रेघेहून वेगळ्या जागी खाली जाते. कुणाला काही उघडे करून दाखवावे लागणार नाही. महोदय, या शेवटच्या वाक्यावर आमची अख्खी गल्ली आली. ज्या बायका ताप आला तरी वैद्यापुढे पदर सरकू देत नाहीत, त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांतल्या निम्म्या मी हाताला धरून आणल्या, हे आज मुद्दाम सांगते.

४. मी त्या दिवशी माहेरपणाला आले होते. माझी वहिनी मृणालिनी आणि मी एकापाठोपाठ एक उभ्या होतो. लिहिणाऱ्याने नाव विचारले. माहेरच्या गल्लीत, माहेरच्या बायकांच्या रांगेत कोणीही जे सांगेल तेच मी सांगितले : बकुळ. पुढच्या रकान्यात पिता अथवा पती असे होते, तिथे वडिलांचे नाव घातले. पत्ता दुर्गाघाट. मला २१४ क्रमांक मिळाला, वहिनीला २१५.

५. माझी आई छातीतल्या गाठीने गेली. गाठ बोराएवढी झाली तेव्हा तिला कळले, आणि फुटली तेव्हा आम्हाला कळले. मधले सगळे दिवस ती आंघोळ करून, पदर नीट घेऊन, स्वयंपाक करत होती. त्या वेळी मी परकरात होते. म्हणून मी रक्त दिले. मला नसती हौस नव्हती.

६. चैत्रात माहेरच्या पत्त्यावर आपले पत्र आले : क्रमांक २१४, संशयित, लाल शिक्का, पुढील तपासणीस हजर व्हावे. भावाने ते रामनगरला आणून दिले. त्याच आठवड्यात आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला लागले. हरभऱ्याएवढे. मी न्हाणीघरातच खाली बसले. सासूबाईंनी दार वाजवले तेव्हा उठले, आणि आईने केले ते मी करणार नाही असे ठरवून त्यांना तिथल्या तिथे दाखवले. रामनगरच्या डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिले आणि सांगितले की, मॅमोग्राफी हवी आणि सुईने तुकडा काढून बघायला हवा, वेळ घालवू नका. ही दोन्ही कामे आपल्या केंद्रात होतात, आणि लाल शिक्क्याच्या क्रमांकाचीच होतात.

७. मी पत्र घेऊन आपल्या खिडकीवर आले. बाबूजींनी ओळखीसाठी राशन कार्ड मागितले. कार्डावर अन्नपूर्णा. ते म्हणाले, हे पत्र बकुलजींचे आहे, आपले नाही, दुसऱ्याच्या आजाराची माहिती आम्ही देत नाही. मी सांगितले, ती मीच. ते म्हणाले, "बहनजी, एक नाम पर रहिए न." मग फार दया आल्यासारखे करून त्यांनी मला नव्याने नोंदवून घेतले. नाव अन्नपूर्णा, पती बिंदुमाधव, पत्ता रामनगर, क्रमांक ३८७. पुन्हा रक्त काढले. मला वाटले, रक्त तर तेच आहे, तेच बोलेल, पुन्हा लाल शिक्का येईल आणि काम होईल. माझ्या मूर्खपणाला काय म्हणावे!

८. ३८७चे उत्तर आले : स्वस्थ. हिरवा शिक्का. म्हणजे एकाच बाईच्या रक्ताची रेघ एकदा आजारी आणि एकदा ठणठणीत. मला यंत्राचा राग नाही. यंत्र नवे आहे, चुकत माकत शिकेल. पण ते दोनांतून एकदा चुकले आहे, आणि कुठल्या वेळी चुकले यावर माझा जीव टांगलेला आहे, एवढे तरी कुणी ऐकून घ्याल की नाही? खिडकीवर म्हणाले, ३८७ स्वस्थ आहे, स्वस्थ महिलांची मॅमोग्राफी होत नाही. २१४ची होईल, पण २१४ने स्वतः यावे. मी म्हटले, आलेली आहे, बघा. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितले. देवाशपथ सांगते, मागे बघितले, की बकुळ कुठे उभी आहे!

९. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातही गेले. तिथे नोंद करताना आपल्या केंद्राचे दोन्ही कागद ठेवले. त्यांनी हिरवा ठेवून घेतला, लाल परत दिला, कारण लालवर माझे नाव नव्हते. मग म्हणाले, जिथे जाँच चालू आहे तिथूनच चिठ्ठी आणा. सगळ्या वाटा फिरून आपल्याच खिडकीवर येतात.

१०. त्यानंतर मी तीन अर्ज केले. पहिल्याला तोंडी उत्तर मिळाले की, नाव बदलल्याचा पुरावा जोडा. पुरावा म्हणजे ते तांदूळ. त्यांची खीर झाली आणि ती मांडवातल्या लोकांनी खाल्ली. त्याची साक्षांकित प्रत माझ्याजवळ नाही. दुसऱ्या वेळी माझ्या सासूबाई सौ. सीता लेले स्वतः आल्या. "नाव मी निवडलंय, मला विचार की रे," असे त्या बाबूजींना म्हणाल्या. बाबूजींनी त्यांना त्या माझ्या सासूबाई असल्याचा पुरावा मागितला. त्यांनी राशन कार्ड दाखवले. त्यांचे माहेरचे नाव काय, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "गोदावरी." बाबूजींनी पेन खाली ठेवले. सासूबाई अजून म्हणतात, मुडद्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चोरीचा माल घेऊन फिरते आहे.

११. मग तिसऱ्या अर्जासाठी पतींनी कोर्टात जाऊन हलफनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करून आणला की, बकुळ आणि अन्नपूर्णा एकच. केंद्राने तो परत केला. शेरा असा की, यावर केवळ अन्नपूर्णा यांची सही आहे, बकुळ यांची संमती नाही. ठीक आहे म्हटले. दुसरा हलफनामा केला, त्यावर दोन्ही नावांनी सह्या केल्या. तोही परत आला. शेरा : दोन्ही सह्यांचे हस्ताक्षर एकच आहे, सबब संशयास्पद. महोदय, या शेऱ्यावर आपल्या कचेरीचा गोल शिक्का आहे. तो कागद सोबत जोडला आहे. आपण तो शांतपणे वाचा आणि मला सांगा की, माणसाने यावर हसावे की भिंतीवर डोके आपटावे.

१२. आता मी मेले कशी, ते सांगते. आई वडिलांच्या आधी गेली, म्हणून माहेरी दर वर्षी अविधवा नवमीला तिचे श्राद्ध असते आणि सवाष्ण जेवायला घालतात. यंदा सवाष्ण म्हणून मी होते. मी पाटावर बसलेली, पुढे पान वाढलेले, माझा भाऊ वेणीमाधव सोवळ्यात, हातात दर्भ, पळीत पाणी, संकल्प चाललेला. अशा वेळी मध्ये बोलायचे नसते. त्याच घटकेला आपला कर्मचारी दारात येऊन उभा राहिला. २१४ तपासणीला का येत नाही याची चौकशी करायला. त्याने विचारले, "बकुलजी?" भावाला बोलता येईना, म्हणून त्याने दर्भाच्या हाताने, पिंडांवरून, माझ्याकडे बोट दाखवले. त्या माणसाने पान बघितले, पिंड बघितले, चेहरा पाडला, हात जोडले. मला वाटले, कोणी ओळखीचा यजमान असेल, म्हणून मीही हात जोडले. आणि तो गेला! चपला काढल्या नाहीत, दोन मिनिटे थांबला नाही, समोर वडा खात बसलेल्या बाईला नाव विचारले नाही. आपल्या वहीत लिहिले की, पुरोहित कुटुंब आहे, श्राद्ध होताना समक्ष पाहिले, मृत. समक्ष पाहिले ते खरेच आहे. माझ्या श्राद्धाला मी त्याच्या समक्ष जेवत होते.

१३. हे मला तेव्हा कळले नाही. कळले ते आपल्याकडून. दिवाळीनंतरच्या रविवारी मंडळात आपले भाषण होते. मी आणि वहिनी तिसऱ्या रांगेत होतो, हातात चकली. आपण पडद्यावर चित्रे दाखवलीत. एक रेघ दाखवून म्हणालात, "ही क्रमांक दोनशे चौदा. यंत्राने धोका सांगितला, बाई आल्या नाहीत, आणि सप्टेंबरात त्या गेल्या. आल्या असत्या तर आज आपल्यात असत्या." क्रमांकापुढे काळी फुली होती. सगळी सभा अरेरे म्हणाली. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसायला लागल्या. मृणालिनीने माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. मी उठायला हवे होते. आपले मरण पडद्यावर बघताना माणूस चकली हातात धरून बसून राहतो, हे मला त्या दिवशी कळले.

१४. दुसऱ्या दिवशी मी खिडकीवर जाऊन विचारले, तर बाबूजींनी वही उघडून दाखवली आणि प्रथमच मनापासून हळहळले. म्हणाले, "बुरा हुआ." आणि मग त्यांना माझ्यासाठी एक वाट सुचली. मी बकुळची बहीण म्हणून अर्ज करावा. निकटच्या नातलगाला मृताचे सर्व कागद मिळतात, रेघेसकट. सोबत नगरपालिकेचा मृत्यूचा दाखला जोडला की झाले. महोदय, माझी मती इतकी गुंग झाली होती की, तो दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो असे मी त्यांना विचारले. घरी येताना नावेत बसल्यावर भानावर आले आणि संतापाने मला रडू कोसळले. नावाडी बिचारा विचारत राहिला की, कोण गेले. काय सांगू त्याला?

१५. आता जे लिहिते आहे ते आपल्याला झोंबेल, पण लिहिणार. गेले चार आठवडे मी या एकाच गोष्टीचा विचार करते आहे की, इतकी साधी चूक दुरुस्त का होत नाही. आपल्या त्याच भाषणात एक तक्ता होता. यंत्राने काय सांगितले आणि पुढे काय झाले, असा. २१४, संशयित, पुढे निधन : यंत्र बरोबर. ३८७, स्वस्थ, पुढे स्वस्थ : यंत्र बरोबर. माझ्यामुळे आपल्या पदरात दोन बरोबर उत्तरे पडली आहेत. मी एक निघाले आणि जिवंत निघाले, तर ती दोन्ही जातात आणि त्या जागी एक चूक येते. म्हणून मी दोन असणे केंद्राला सोयीचे आहे. दोघींपैकी एक मेलेली असणे तर फारच सोयीचे आहे. आपण हे जाणूनबुजून केलेत असे मी म्हणत नाही. पण कुणाच्या डोळ्यांवर कशाची झापड आहे, ते मला दिसते.

१६. कालपर्यंत मी असा अर्ज लिहिणार होते की, आपल्या तक्त्यात मला खुशाल मेलेली ठेवा, परिषदेत ती रेघ दाखवा, टाळ्या घ्या, फक्त मागच्या दाराने माझ्या छातीचा फोटो काढा. मी इतकी खाली आले होते. पती म्हणाले, तसेच लिही, काम होण्याशी मतलब. पण काल वहिनी रामनगरला आली होती. तिला म्हटले, तूही आंघोळीच्या वेळी हात लावून बघत जा. ती म्हणाली, "अगं, माझा हिरवा शिक्का आहे ना, मला कशाला?" २१५. माझ्या पाठोपाठ उभी राहिलेली. जिच्या भरवशावर ती निर्धास्त आहे त्या तक्त्यात माझ्या नावे दोन खोटी उत्तरे बसली आहेत, आणि त्या रांगेत तिला मीच आणली होती. आता मी मेलेली राहणार नाही.

१७. म्हणून माझी मागणी अशी :

(क) २१४वरची काळी फुली काढावी. २१४ आणि ३८७ एका ओळीत लिहून त्यापुढे "यंत्र एकदा चुकले" असे लिहावे, आणि आपण ज्या तोंडाने मंडळात मला मारलेत त्याच तोंडाने मंडळात ते वाचून दाखवावे.

(ख) दुर्गाघाटावरच्या सर्व हिरव्या शिक्क्यांच्या बायकांना सांगावे की, शिक्का म्हणजे देवाचा कौल नव्हे. हात लावून बघत जा, आणि लागले तर लपवू नका.

(ग) माझी मॅमोग्राफी आणि सुईची तपासणी आज करावी. पंधरा दिवसांनी नाही, चौकशी समिती नेमून नाही. आज. गाठ आता सुपारीएवढी आहे. तिला नाव, पत्ता, पिता, पती यांपैकी काही माहीत नाही, आणि ती आपल्या कचेरीसाठी थांबलेली नाही.

१८. मला फार भीती वाटते आहे, महोदय. आठ महिने मी भांडते आहे, म्हणून लोक म्हणतात की बाई तापट आहे. तापट आहेच. पण भांडण थांबले की भीती वाटायला लागते, म्हणूनही मी भांडते. माझ्या आईने भांडण केले नाही. तिचे एकच नाव सगळ्यांना माहीत होते, आणि तरी तिला कोणी विचारले नाही.

नम्र लिहायचा प्रघात आहे, म्हणून नम्र,

(सही) सौ. अन्नपूर्णा बिंदुमाधव लेले
(सही) बकुळ ढुंढिराज मोघे

दोन्ही सह्यांचे हस्ताक्षर एकच आहे. ते तसेच असणार.

सोबत :
१. लाल शिक्क्याचे पत्र, क्रमांक २१४.
२. हिरव्या शिक्क्याचे पत्र, क्रमांक ३८७.
३. दोन्ही हलफनामे, आपल्या कचेरीच्या शेऱ्यांसह.
४. रामनगरच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी.
५. अर्जदार स्वतः. खिडकीच्या डाव्या हाताच्या बाकावर बसले आहे, सासूबाई शेजारी आहेत. दार उघडून हाक मारावी. बकुळ म्हणून मारलीत तरी उठेन, अन्नपूर्णा म्हणून मारलीत तरी उठेन.